ओझ्यावर काम करणारा माणूस

टँकरचा भोंगा वाजला की आमच्या इमारतीतल्या बाया हातातलं काम टाकून जिन्याकडं धावतात. मी मात्र आधी आमच्या ह्यांच्याकडं बघते. हे गॅलरीतल्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले असतात. भोंगा ऐकला की पेपर खाली येतो, चष्मा कपाळावर जातो आणि प्रश्न येतो, "किती बादल्या आणणार आहेस?" मी म्हणते, "मिळतील तेवढ्या." त्यावर हे मान हलवतात, आपल्या विद्यार्थ्यानं अगदीच ढोबळ उत्तर दिलं की मास्तर हलवतात तशी. पाणी म्हटलं की लोकांना तहान आठवते, आमच्या ह्यांना पाण्याचं वजन आठवतं.

यंदा लातुरात पुन्हा तेच आहे. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, नळाला पाणी कधी येणार हे आता नळालाही ठाऊक नसावं. खाली कट्ट्यावर म्हातारी माणसं बसतात त्यांच्यात उदगीरच्या वेगळ्या जिल्ह्याची बोलणी पुन्हा सुरू झालीत. जळकोट कुठं जाणार, कचेरी कुठं बसणार, सगळं ठरवून मोकळे होतात. पाऊस नसला की आमच्या भागात दोनच गोष्टींना ऊत येतो, अफवांना आणि जिल्ह्यांना. मला हसू येतं, कारण हे सगळं मी एकदा ऐकलेलं आहे. ते ऐकलं त्याच उन्हाळ्यात माझं लग्न जमलं, मोडलं आणि परत जमलं.

तेव्हा लातूर नुकताच उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झाला होता. आम्ही उदगीरचे. माझ्या वडिलांची, अप्पांची, तिथं अडत होती. पुढं दुकान, मागं घर, मधे एक जाड फळ्यांचं दार. चांगल्या सालात त्या दुकानात ज्वारीच्या आणि तुरीच्या थप्प्या छताला भिडायच्या, आम्हा पोरींना पलीकडं जायला वाट मिळायची नाही. त्या साली मात्र दुकानात नुसता पोत्यांचा वास उरला होता. मोठा काटा साखळ्यांनी आढ्याला टांगलेला, त्याच्या पारड्यात चिमण्या येऊन बसायच्या आणि अप्पा त्यांना हाकलायचे नाहीत. म्हणायचे, "बसू दे. तेवढंच काट्याला काम."

दुकानात बसणाऱ्यांचा विषय मात्र एकच, नवा जिल्हा. कुणी म्हणे, आता कलेक्टर जवळ आला, पाणी येणारच. कुणी म्हणे, आपल्यालाच करायला पाहिजे होता जिल्हा, किल्ला हाय, रेल्वे हाय, काय कमी हाय? माझी आई, तिला आम्ही अव्वा म्हणायचो, आतून ऐकायची आणि घागर घासता घासता पुटपुटायची, "पाटी नवी आली, घागर तीच हाय." अव्वाचं माहेर कर्नाटकच्या हद्दीपलीकडचं. तिच्या मराठीत कन्नड मिसळलेलं असायचं, आणि राग आला की मराठी गळून पडायचं.

पाणी आम्हीच आणायचो. एरवी आमच्याकडं पाणी भरायला चंद्राबाई यायची. पण तिला स्वतःच्या घरचं पाणी भरायलाच दिवस पुरेना, तेव्हा अव्वा आणि मी तिच्याबरोबर निघू लागलो. गावाबाहेर, एस.टी.च्या रस्त्याला लागून एका मळ्यात विहीर होती, तिला पाणी होतं. उन्हाच्या आत निघायचं, नंबर लावायचा, आणि डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, घागरीवर कळशी अशी उतरंड घेऊन परत यायचं. पहिले काही दिवस मान इतकी दुखायची की रडू यायचं. मग सवय झाली. चंद्राबाई म्हणायची, "नंदे, वज्याला भांडू नगंस. त्याच्यासंगं चाल." हे वाक्य पुढं माझ्या नवऱ्यानं कुठल्या कुठल्या परिषदेत सांगितलं, ते तिला कधी कळलं नाही.

अशा उन्हाळ्यात बिलोलीला स्थायिक झालेल्या मामांनी स्थळ आणलं. मुलगा त्यांच्याच गावचा, आपल्यातलाच, शिकलेला, लष्कराच्या प्रबोधिनीत प्राध्यापक. अप्पांनी यातला लष्कर एवढाच शब्द ऐकला. लिंगायताच्या घरात, जिथं कांदासुद्धा सोमवारी वर्ज्य, तिथं मिलिटरीचा जावई? मामा समजावत होते की तो शिपाई नाही, तिथल्या पोरांना शिकवतो आणि संशोधन करतो. त्यावर अप्पा आणखीनच घाबरले.

"मिल्ट्रीत संशोधन म्हंजे काय, बाँबच की!" अप्पा म्हणाले. "उद्या उडाला बिडाला तर पोरगी कुटं जाईल?"

तरी बघायला यायला नको कसं म्हणायचं म्हणून बोलावलं. ते आले. उंच, सावळे, उन्हानं नाक सोललेलं. आम्हाला कडक मिशावाला माणूस अपेक्षित होता आणि हे तर बसायच्या आधी चपला नीट भिंतीला लावून ठेवत होते. बैठक दुकानातच, गादी टाकून. मी दाराआड. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर अप्पांनी मुद्द्याला हात घातला.

"तुमी संशोधन करताव म्हनं. कशावर?"

"ओझ्यावर," हे म्हणाले.

अप्पांनी मामांकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की प्रोफेसर म्हणून आणलेला हा माणूस बहुतेक हमाल आहे.

मग ह्यांनी सांगितलं. शिपाई पाठीवर सामान घेऊन उन्हात चालतो. चालला की घाम येतो, घाम आला की पाणी लागतं. ते पाणीही त्यालाच पाठीवर घ्यावं लागतं. पाणी जास्त घेतलं की ओझं वाढतं, ओझं वाढलं की घाम वाढतो, घाम वाढला की आणखी पाणी लागतं. "म्हणजे पाणी वाहायलाच पाणी लागतं," हे म्हणाले. "हे गणित कुठं जाऊन थांबतं, ते मी शोधतोय." दाराआड उभ्या असलेल्या माझ्या मानेवर तेव्हा सकाळच्या खेपेची कळ अजून होती. माझं सगळं लक्ष त्या एका वाक्याला जाऊन चिकटलं. मला हा माणूस तिथंच आवडला, हे सांगायला आता या वयात काय लाजायचं!

मी गूळ आणि पाण्याचे पेले घेऊन बाहेर आले. इथं आमच्या घरची एक चाल सांगायला हवी. बघायला आलेल्यानं पेला संपवला म्हणजे बोलणं पुढं न्यायचं. पेल्यात पाणी ठेवलं म्हणजे मुलगी पसंत नाही. तोंडानं नाही म्हणायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून जुन्या माणसांनी काढलेली ही वाट, त्यात अपमान कमी आणि अब्रू शाबूत. ह्यांनी गूळ खाल्ला. पेला उचलला. माझ्याकडं बघितलं, म्हणजे चेहऱ्याकडं नाही, जरा वर, केसांकडं. मग निम्मं पाणी प्याले आणि पेला अगदी अलगद, एक थेंब न सांडता, खाली ठेवला.

पाहुणे गेल्यावर अव्वा बराच वेळ त्या निम्म्या पेल्याकडं बघत बसली. अप्पांचं तर वेगळंच झालं. मिलिटरीचं स्थळ नको असं ते दोन दिवस म्हणत होते, आणि आता पाहुण्यांनीच आधी नाही म्हटल्यावर त्यांना ते झोंबलं. "आपन न्हाई म्हननारच होतो," ते म्हणाले, "पर त्येनं कशापायी न्हाई म्हनावं? पोरीत काय कमी हाय?" मी पेला उचलला, उरलेलं पाणी तुळशीला घातलं आणि मागच्या दाराशी जाऊन रडले. मामांना निरोप गेला नाही आणि मामांकडूनही आला नाही. तोंड उघडायची गरज पडू नये म्हणूनच तर ती चाल होती.

आत्ता लिहिताना मला ह्यांच्या प्रबोधिनीतली माणसं आठवतात. लग्नानंतर मी तिथल्या क्वार्टरमध्ये गेले तेव्हा पहिल्या संध्याकाळी ह्यांचे सहकारी चहाला आले होते. मी प्रत्येकाला विचारायचे, तुम्ही कशावर काम करता? मनात अप्पांचा बाँब होता. एक गृहस्थ बुटांनी पायाला येणाऱ्या फोडांवर काम करत होते आणि तेच स्वतः लंगडत आले होते. एक जण पहाऱ्यावरच्या माणसाला झोप का येते ते शोधत होते, आणि चहा पिता पिता त्यांनाच जांभया येत होत्या. एका बाईंनी पलटणींमध्ये म्हटली जाणारी गाणी गावोगाव फिरून जमवली होती. त्यातली निम्मी माझ्यासमोर म्हणण्यासारखी नाहीत म्हणून त्या लाजल्या आणि मग दोन कडवी म्हणाल्याच. एक म्हातारे खेचरांच्या खुरांविषयी असं काही बोलत की ऐकताना खेचरांवर माया जडावी. महिनाभर टिकणारी पोळी करू बघणारे एक होते, त्यांची पोळी मी चावून बघितली आणि ती टिकेल याची मला खात्री पटली.

आणि एक होते तत्त्वज्ञानाचे. फार हळू बोलायचे. त्यांचं आयुष्यभराचं काम एकाच प्रश्नावर होतं, हुकूम कधी मोडावा. मी भाबडेपणानं विचारलं, लष्करात हे चालतं? ते हसून म्हणाले, "वहिनी, हे इथंच नाही शिकवलं तर मग कुठं शिकवायचं?" मला त्या जागेविषयी त्या दिवशी आपलेपणा वाटायला लागला. लढाई म्हणजे धडाडधूम अशी माझी समजूत होती. या माणसांकडं बघून कळलं की लढाई म्हणजे बहुतेक वेळ घरापासून लांब खाणं, झोपणं, चालणं आणि घाबरणं, आणि या प्रत्येकावर कुणीतरी शहाणं माणूस डोकं खाजवत बसलेलं आहे. त्यांचे जाडजूड प्रबंध ग्रंथालयात ओळीनं उभे असायचे. कितीजण वाचत, देव जाणे. पण बाँब एकाचाही नव्हता, हे मी अप्पांना पहिल्याच पत्रात कळवून टाकलं.

पण मी पुढं पळाले. अजून पेला निम्माच आहे.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी हे एकटे दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले. खांद्याला झोळी. अप्पा गादीवर होते. त्यांनी या म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. मी दाराआड.

"काका, एक काम होतं," हे म्हणाले. "तुमच्याकडं ताणकाटा आहे का? आकड्याला अडकवून तोलायचा? एक दिवस पाहिजे होता."

अप्पांच्या तोंडाचा आ झाला. मुलगी नाकारून आठ दिवस झाले नाहीत आणि हा माणूस काटा मागायला आला! दुसरं काहीही मागितलं असतं तर अप्पांनी वाटेला लावलं असतं. पण अडतीचा एक धर्म आहे. काटा मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. ज्यानं काटा झाकला त्याचं माप खोटं, असं बाजार समजतो. अप्पा उठले, खुंटीचा ताणकाटा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

"काय तोलताव?"

"घागरी," हे म्हणाले. "एस.टी.तून येताना रस्त्यानं बाया दिसल्या पाणी नेताना. आमची मुलं पाठीवर ओझं घेतात आणि वाकतात. या डोक्यावर घेऊन ताठ चालतात. मला त्यांचं ओझं बघायचंय."

काटा मालकाशिवाय उंबऱ्याबाहेर जात नाही, हाही अडतीचाच धर्म. त्यामुळं अप्पा पायात वहाणा घालून बरोबर निघाले, रागाचं तोंड तसंच ठेवून.

बाजाराच्या तोंडाशी लिंबाचं झाड होतं, तिथं त्यांनी फांदीला काटा टांगला. आमची दुसरी खेप तेवढ्यात निघाली होती, ती घागरी भरून तिथं पोचेपर्यंत ही बातमी आमच्याही पुढं धावत होती की नव्या जिल्ह्यातून साहेब आलाय, घागरी मोजून ट्यांकर देणार हाय. बायांनी ह्यांना गराडाच घातला. एकीनं सांगितलं तिच्या घरी माणसं जास्त आहेत तेवढं लिहून घ्या. दुसरी म्हणाली, नळाचं बी बगा. हे घाबरून सांगत होते, "अहो बाई, मी जिल्ह्याचा नाही, मी मास्तर आहे." चंद्राबाईनं कमरेवर हात ठेवला.

"मास्तर हायसा तर आमाला धान्यावानी जोखून का राहिलासा?"

"तुमच्याकडनं शिकायचंय म्हणून," हे म्हणाले. त्यावर बाया हसल्या, पण घागर द्यायला तयार झाल्या.

अव्वाचा नंबर आला. अप्पांनी तिची घागर दोन्ही हातांनी उतरवून आकड्याला लावली. अडतीत पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. अप्पांच्या तोंडून आयुष्यभराच्या सवयीनं मोठ्यानं निघालं, "लाभऽऽ!" सगळ्या बाया खळाळून हसल्या. अप्पांनी हसतच काट्याच्या पट्टीकडं बघितलं आणि त्यांचं हसू उतरत गेलं. पोत्याचं वजन खड्या आवाजात सांगणाऱ्या माझ्या बापानं त्या दिवशी आकडा वाचलाच नाही. वर ठेवायची कळशी अजून अव्वाच्या काखेत होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. रोज दुकानाच्या मागच्या दारानं आत येणारं ते पाणी त्यांनी पहिल्यांदाच तोललं होतं. त्यांना वाईट वाटलं ते स्पष्ट दिसलं, आणि मला त्यांची दया आली.

ते ह्यांच्याकडं वळले. "प्रोफेसर, एक इचारू? त्या दिशी पानी का ठिवलं?"

ह्यांना प्रश्नच समजला नाही. "कुठलं पाणी?"

"पेल्यातलं. निम्मं ठिवलं तुमी."

ह्यांनी खांद्यावरची झोळी सावरली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "यांच्या केसांवर चुंबळीचा वळ होता. ओला होता अजून. म्हणजे ते पाणी डोक्यावरून आलेलं, नुकतंच. सगळं कसं पिऊ? मला वाटलं निम्मं ठेवावं, घरात कुणाच्या तरी कामाला येईल."

मग अप्पा कपाळावर हात मारून म्हणाले, "आवो, आमच्यात पानी ठिवलं की पोरगी नगं म्हनल्यावानी असतंय! आन् आमी तवापास्नं..."

"नको?" हे एवढ्या मोठ्यानं म्हणाले की झाडावरचा कावळा उडाला. "मी तर रोज मामांना विचारतोय, तुमचा निरोप का येत नाही म्हणून! ते म्हणतात, मुलीकडचे कळवतील."

मग माझ्या नवऱ्यानं जे केलं ते प्रबोधिनीत शिकवत नसावेत. झोळी खाली टाकली, भर बाजाराच्या तोंडाशी उकिडवे बसले, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि म्हणाले, "वाढा." अव्वानं घागर आकड्यावरून काढून माझ्याकडं दिली. मी ओतत गेले, हे पीत गेले. हनुवटीवरून पाणी ओघळून सदरा भिजला, तरी थांबेनात. नाही म्हटल्याचा एक थेंबसुद्धा शिल्लक राहू नये असं प्याले. बाया पदर तोंडात धरून हसत होत्या. शेवटी अव्वाला राहवेना.

"साकु, साकु!" ती म्हणाली. "बास करा की जावईबापू, घागर सपंल!"

जावई हा शब्द तिनंच पहिल्यांदा उच्चारला. अप्पांनी ऐकला आणि खोडून काढला नाही.

लग्न साधंच झालं, दुष्काळात आणखी कसं होणार! रुखवतात पाच फळं आणि शेवयांच्या ताटाशेजारी अप्पांनी तो ताणकाटा ठेवला होता, हळदकुंकू लावून. ह्यांच्याकडची माणसं हसली. मला मात्र कळलं की माझ्या बापाकडं याहून मोठं काही द्यायला नव्हतं.

तो काटा आज आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागं आहे. मी मंडईतून आले की हे पिशवी काढून घेऊन त्याला अडकवतात आणि रागावतात. त्यांचं ओझ्यावरचं काम छापून आलं, त्याचं पुढं काय झालं मला सांगता येत नाही. कुठल्या शिपायाच्या पाठीवरचा एखादा पट्टा जरा सैल झाला असेल तर असेल. चंद्राबाईच्या डोक्यावरचं काही उतरलं नाही, एवढं मला ठाऊक आहे. हे मी त्यांना एकदा बोलूनही दाखवलं. हे दारामागच्या काट्याकडं बघत म्हणाले, "खरंय. मोजलं म्हणजे उचललं असं होत नाही." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

आज सकाळी टँकर आला. लिफ्ट बंद, आम्ही वरच्या मजल्यावर. मी बादली भरून पहिल्या पायरीशी आणली तर हे काठी टेकत खाली उतरून आलेले. त्यांचे गुडघे कामातून गेलेत, डॉक्टरांनी जिना वर्ज्य सांगितलाय. मी ओरडले. पण ऐकतील तर शपथ! त्यांनी काठी बादलीच्या कडीतून आडवी घातली, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि मोकळ्या हातानं कठडा पकडला.

"दोघांत निम्मं निम्मं," म्हणाले. "तू वर हो."

मी पुढं, हे माझ्या मागं, खालच्या पायऱ्यांवर. थोडं चढल्यावर माझ्या हाताला वजन लागेचना. वळून बघितलं तर बादली काठीवरून घसरत घसरत त्यांच्या मुठीशी जाऊन टेकली होती. ज्यानं जन्मभर ओझ्याचाच अभ्यास केला, त्याला ती खाली कुणाकडं घसरणार हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल?

"अहो, सगळं तुमच्याकडं आलं," मी म्हटलं. "मला खाली येऊ द्या."

कठड्यावरची त्यांची बोटं पांढरी पडली होती, कपाळावर घाम होता.

"पुढं बघून चाल," हे म्हणाले. "पाणी सांडेल."